धीर सुटला की सुरुवात कुठून करायची: ख्रिस्ती श्रद्धेकडे नव्याने वळलेल्यांसाठी

निरोपाच्या जेवणाच्या रात्री येशू शिष्यांना सांगतो की मी जातो आहे, पण पिता तुम्हांला दुसरा ‘कैवारी’ देईल. योहानाच्या शुभवर्तमानाच्या, म्हणजे येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकाच्या, चौदाव्या अध्यायात हे येतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हाक मारल्यावर शेजारी येऊन उभा राहणारा, वेळ पडली तर न्यायासनासमोर आपल्या बाजूने बोलणारा, असा आहे. धीर देणं, सांत्वन करणं यासाठी नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासून पुढच्या भागात, जो शब्द येतो तोही त्याच मुळाचा. मराठी भाषांतरकारांनी त्याला ‘कैवारी’ म्हटलं आणि मला तरी याहून चांगला शब्द सुचत नाही. गल्लीत पोरांची मारामारी होते, आई हातातलं लाटणं घेऊनच बाहेर येते, आणि काय झालं हे विचारायच्या आधी आपल्या पोराला मागे घेऊन उभी राहते. त्याला आपण कैवार घेणं म्हणतो. चूक कोणाची याची चौकशी नंतर घरात होते, चांगली कडक होते, पण उभं राहणं आधी.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बुधवारी संध्याकाळी एका घरी वाचन असतं. तिथे नवीन आलेली माणसं निघताना, चपला घालता घालता, हळूच विचारतात: देव प्रेम करतो असं सगळे म्हणतात, मला तर काहीच वाटत नाही, माझं काय चुकतंय? त्यांना मी जे सांगते तेच इथे लिहिते आहे. मी पाळक, म्हणजे धर्मगुरू, नाही, धर्मशास्त्र शिकलेली नाही. नगर जिल्ह्यातल्या तिसऱ्या पिढीतल्या ख्रिस्ती घरातली आहे, म्हणजे वचनं पाठ होती आणि त्यांची गरज पडलेली नव्हती. ती पडली आई दवाखान्यात असताना. तेव्हा मला एक वचन धड आठवेना.

पाऊल १: पुस्तक हातात घ्या, पण पहिल्या पानापासून नको

मराठी बायबल चर्चच्या पुस्तकविक्रीत मिळतं, फोनवर फुकट मिळतं, वाचून दाखवणारंही मिळतं. डोळे थकलेल्या माणसाने खुशाल ऐकावं; पहिल्या शतकातल्या मंडळ्यांतही बहुतेकांनी ऐकूनच श्रद्धा धरली. बायबल सोसायटीच्या मराठीची भाषा जरा जुन्या वळणाची आहे, ‘प्रेम’ऐवजी ‘प्रीती’ म्हणणारी. दोन-तीन आठवड्यांत कानाला सवय होते. ती अगदीच जड वाटली तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं सुबोध बायबल बघा. त्याला २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला आहे. कॅथलिक प्रतीत ७३ पुस्तकं असतात, प्रोटेस्टंट प्रतीत ६६. हा फरक जुन्या करारातला, म्हणजे येशूच्या आधीच्या काळातल्या भागातला आहे, आपल्याला आत्ता लागणारं सगळं दोन्हींत आहे. वाद घालायला पुढे आयुष्य पडलं आहे.

उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. उत्पत्ती रंगते, निर्गमाचा पहिला अर्धा भाग रंगतो, मग लेवीय येतं आणि तिथल्या होमबलींच्या नियमांत भल्याभल्यांची गाडी रुतते. पुस्तक कपाटावर जातं ते तिथेच राहतं.

मराठी कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो रेल्वेच्या डब्यात, एका गोऱ्या सहप्रवाशाकडून. त्यांना धरून ठेवलं मत्तयाच्या पाच ते सात या अध्यायांनी, म्हणजे डोंगरावरच्या प्रवचनाने. १८९५ साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो असं ते म्हणत. हे सांगते, कारण नवख्यांना वाटतं की आजवर कानांवर पडलेलं सगळं पुसून यावं लागतं. अभंगात देवाशी भांडायला शिकलेला माणूस स्तोत्रसंहितेत, म्हणजे बायबलातल्या प्रार्थनागीतांच्या पुस्तकात, फार लवकर रुळतो.

पाऊल २: आधी तक्रार करा

हे पाऊल लोकांना उलटं वाटतं. प्रेमाबद्दल वाचायचं तर गोड वचनं शोधावीत, त्यांची चित्रं फोनवर लावावीत, असं आपण करतो. पण छातीवर दगड असताना गोड वचन वरून ओघळून जातं. मला त्या दिवसांत रोज सकाळी कोणी ना कोणी फुलांच्या चित्रावर छापलेलं वचन पाठवत असे. मी फोन उलटा करून ठेवत असे.

आमच्या मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई दवाखान्यात आल्या, डबा ठेवला, आणि म्हणाल्या, “तेरावं स्तोत्र काढ. मोठ्याने वाच.” सहाच वचनं आहेत त्यात. पहिल्या दोनांत ‘कोठवर?’ हाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: मला कोठवर विसरणार, तोंड कोठवर लपवणार. मी वाचायला लागले आणि तिसऱ्या ‘कोठवर’ला आवाज गेला. त्या म्हणाल्या, “आता झाली प्रार्थना.”

दीडशे स्तोत्रांत अशी गाऱ्हाण्याची स्तोत्रं भरपूर आहेत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक ओळसुद्धा नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलेलं आहे. ज्यांनी ही स्तोत्रं गोळा केली त्यांना देवासमोर रडगाणं गायची लाज वाटली नाही. ज्याच्याशी भांडता येतं त्याच्याच प्रेमाची खात्री असते. परक्याशी आपण अदबीने बोलतो.

म्हणून पहिले तीन दिवस एवढंच करा. तेरावं स्तोत्र मोठ्याने वाचा. मग आपलं स्वतःचं ‘कोठवर’ आपल्या भाषेत म्हणा. नोकरी, कर्ज, मूल, मूल नसणं, नवऱ्याची दारू, काय असेल ते. ‘हे परमपवित्र दयाघना’ वगैरे जमत नसेल तर सोडा. मराठी बायबलात देवाला ‘तू’ म्हटलं आहे. जुन्या घरांत वडिलांना ‘तुम्ही’ आणि आईला ‘तू’ म्हणायची पद्धत होती; इथे ज्याला बाप म्हणतो त्यालाही ‘तू’.

पाऊल ३: तीन गोष्टी, पुन्हा पुन्हा

पहिले दोन महिने या तीनच गोष्टी आलटून पालटून वाचल्या तरी पुरे.

पहिली एलीयाची, जुन्या करारातल्या ‘१ राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायातली. मोठा संदेष्टा, नुकताच मोठा विजय मिळवलेला, राणीच्या धमकीने पळत सुटतो, रानात एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, आता बस्स, माझा प्राण घे. देव काय करतो? उपदेश नाही, कानउघाडणी नाही. त्याला झोपू देतो. दूत उठवून म्हणतो, जेव. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. तो खातो, पुन्हा झोपतो. दूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो. बोलणं होतं ते चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर, आणि तेही वादळात किंवा अग्नीत होत नाही, मंद आवाजात होतं. खचलेल्या माणसाला आधी झोप आणि भाकरी लागते हे कळायला मला चाळिशी उजाडावी लागली.

दुसरी लूकच्या पंधराव्या अध्यायातली, उधळ्या मुलाची. ती सगळ्यांना माहीत असते, म्हणून कोणी नीट वाचत नाही. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो. आपल्याकडे ज्या घरांत अशी वाटणी मागितली गेली आहे त्यांना याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पैसे उडवतो, दुष्काळ पडतो, डुकरं चारायची पाळी येते, यहुदी घरातल्या पोरावर. मग तो परत निघतो आणि वाटेत भाषण पाठ करतो: मी तुमचा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा नाही, मला मजुरीवर ठेवा.

आता इथे थांबा. तो दूर असतानाच बापाने त्याला पाहिलं, असं लिहिलं आहे. म्हणजे बाप रस्त्याकडे बघत होता. आणि तो धावला. गावच्या पाटलाने धोतराचा सोगा हातात धरून, पारावरच्या लोकांदेखत, वेशीपर्यंत पळत जावं, तसं हे. त्या काळच्या ज्येष्ठ माणसाला असं पळणं शोभणारं नव्हतं. मुलगा भाषण सुरू करतो, पण ‘मला मजुरीवर ठेवा’ हे वाक्य त्याच्या तोंडून येतच नाही. त्याआधी बाप चाकरांना सांगतो, उत्तम झगा आणा. मुलाने पश्चात्ताप नीट मांडला म्हणून बाप धावला नाही. धावणं आधी झालं.

आणि थोरला भाऊ. आमच्यासारखे जन्माने चर्चमधले बहुतेक तोच. इतकी वर्षं राबलो, मला कधी करडूही दिलं नाहीस, म्हणून तो अंगणात रुसून उभा. त्याची समजूत काढायलाही बाप घराबाहेर येतो. शेवटी थोरला आत गेला की नाही हे येशूने सांगितलेलं नाही.

तिसरी योहानाच्या एकविसाव्या अध्यायातली. ही मला सगळ्यांत जवळची. येशूचा शिष्य पेत्र याने, येशूला अटक झाली त्या रात्री तीनदा, मी त्याला ओळखत नाही, असं म्हटलं होतं, आणि ते म्हटलं होतं महायाजकाच्या वाड्याच्या अंगणात कोळशांच्या शेकोटीपाशी. पुनरुत्थानानंतर, म्हणजे येशू मरणातून उठल्यावर, पेत्र आपल्या जुन्या मासेमारीच्या धंद्यावर परततो. रात्रभर जाळं टाकून काही लागत नाही. कोकणातल्या वाचकांना रिकाम्या जाळ्याची पहाट सांगायला नको. किनाऱ्यावरून कोणी ओरडतो, उजवीकडे टाका. १५३ मोठे मासे लागतात. कोणीतरी मोजले होते, कोळ्याचा स्वभाव. किनाऱ्यावर येऊन बघतात तो कोळशांचा विस्तव, त्यावर मासळी, आणि भाकर. कोळशांच्या विस्तवाचा तो ग्रीक शब्द नव्या करारात दोनच ठिकाणी आहे, एकदा त्या अंगणात आणि एकदा या किनाऱ्यावर. पेत्राच्या नाकात तो वास गेला असेल तेव्हा त्याला काय आठवलं असेल?

येशू म्हणतो, “या, न्याहारी करा.” नाकारल्याचा उल्लेखसुद्धा नाही, आधी खाणं. खाणं झाल्यावर विचारतो, माझ्यावर प्रीती करतोस काय? तीनदा. तिसऱ्यांदा पेत्राला वाईट वाटतं, कारण आता आकडा लक्षात येतो. सोडून दिलं, विसरून जा, असं येशू म्हणत नाही. जखमेवरच हात ठेवतो, पण पोट भरल्यावर, आणि प्रत्येक उत्तरानंतर काम सोपवतो: माझी मेंढरं चार. आईच्या कैवाराचं सुरुवातीला म्हटलं, ते हेच.

पाऊल ४: रोजची पंधरा मिनिटं

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’ असं आहे. भाकरी कोणी आठवड्याची एकदम थापून ठेवत नाही. रानात इस्राएल लोकांना देवाकडून रोज मिळणारं अन्न, मान्ना, तेही सकाळपर्यंत ठेवलं की त्यात किडे पडत. धीराचंही तसंच आहे. रविवारी भरून घेतलेला बुधवारपर्यंत शिळा होतो.

वेळ ठरवा आणि ती छोटी ठेवा. एक उतारा मोठ्याने, सावकाश वाचा. जिथे अडकाल तिथे थांबा, पुढे जायची घाई नको. ते एक वाक्य वहीत हाताने लिहा. त्याखाली आजची काळजी एका ओळीत लिहा. मग दोन मिनिटं गप्प बसा. ही गप्प बसायची दोन मिनिटं फार लांब वाटतात, कुकरच्या शिट्ट्या मोजल्या जातात, मोजू द्या. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणा आणि उठा. दिवसभरात काही ‘वाटलं’ का हे तपासू नका. महिनाभराने वही मागे चाळा, तेव्हा काही दिसलं तर दिसेल.

मध्येच, शब्दांविषयी

चर्चमधली काही मराठी बाहेरच्या मराठीपेक्षा वेगळी चालते आणि नवख्याला उगाच बावळट वाटतं. ‘मंडळी’ म्हणजे पाहुणे नव्हे, विश्वासणाऱ्यांचा समुदाय. ‘पाळक’ म्हणजे प्रोटेस्टंट मंडळीचे धर्मगुरू, कॅथलिकांत ‘फादर’. ‘साक्ष’ म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं हे उभं राहून सांगणं, आणि ती द्यायलाच हवी असं नाही. ‘कृपा’ म्हणजे लायकी न बघता दिलेलं. सगळ्यांत गंमत ‘तारण’ची. बँकेत कर्ज घ्यायला आपण काहीतरी तारण ठेवतो. चर्चमध्ये तारण दुसऱ्याने आपल्यासाठी केलेलं असतं. एका सहकारी बँकेतून निवृत्त झालेल्या गृहस्थांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते, मग म्हणाले, “म्हणजे जामीनदार तोच?” आमच्या पाळकांनी ते पुढे प्रवचनात वापरलं.

पाऊल ५: रविवारी जा, मागच्या बाकावर बसा

एकट्याने वाचून धीर येतो, पण टिकत नाही. जवळच्या मराठी उपासनेची वेळ विचारून जा. दारात चपला दिसल्या तर काढा, नाही दिसल्या तर नको. जुन्या मंडळ्यांत काही ठिकाणी बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात. गाणी पेटी-तबल्यावर असतील, त्यांत टिळकांची भजनंही असतील, चाल ओळखीची वाटेल. लोक उठले की उठा. अर्पणाची थैली फिरेल, त्यात टाकलंच पाहिजे असं नाही. प्रभुभोजन किंवा मिस्सातला (कॅथलिक उपासनेतला) प्रसाद बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो, तेव्हा जागेवर बसून राहा, कोणी वाईट मानत नाही. संपल्यावर पळून जाऊ नका. ‘जय ख्रिस्त’ म्हणून निदान एका माणसाशी बोला.

एक मात्र स्पष्ट सांगते. कोणी आशीर्वादाच्या बदल्यात रक्कम सांगितली, गोळ्या बंद करा म्हणालं, किंवा तुमचा विश्वास कमी म्हणून आजार बरा होत नाही असं म्हणालं, तर दुसरी मंडळी शोधा. माझ्या आईच्या आजारात एका पाहुण्या प्रचारकाने आम्हांला हे तिसरं ऐकवलं होतं. त्यातून सावरायला आम्हांला आजारापेक्षा जास्त दिवस लागले.

बाप्तिस्म्याची घाई करू नका, कोणी केली तर बळी पडू नका. वाचायला, प्रार्थनेला, मागच्या बाकावर बसायला काही लागत नाही.

काहीच वाटत नसेल तर

पंडिता रमाबाईंचे आई-वडील आणि बहीण दुष्काळाच्या दिवसांत गेले, पुढे भाऊ गेला, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच पती गेला. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त नव्हे, असं त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे. तो सापडायला पुढे सुमारे आठ वर्षं गेली. त्या काळात त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या, शारदा सदन याच वर्षांत उभं राहिलं. केडगावचं मुक्ती मिशन आणि मूळ भाषांतून केलेलं मराठी बायबल नंतरचं. तेव्हा तुम्हांला आठ आठवड्यांत काही वाटलं नाही, तर त्यात तुम्ही एकटे नाही.

पण दुसरी एक शक्यताही तपासा. झोप उडाली आहे, जेवण जात नाही, आठवडेच्या आठवडे सगळं राखाडी दिसतं, जगू नये असं वाटतं, तर तो श्रद्धेचा प्रश्न समजू नका. डॉक्टरांकडे जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत. एलीयाला देवाने आधी भाकर दिली हे आठवा. गोळी ही कोणाच्या तरी बाबतीत ती भाकर असते.

घरच्यांचं काय

याला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. टिळकांच्या बाप्तिस्म्यानंतर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची काय ओढाताण झाली ते त्यांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहिलं आहे, आणि त्यांनी नवऱ्यामागे जायचं म्हणून पाऊल उचललं नाही, वेळ घेतला, स्वतः ठरवलं. घरातल्यांना तेवढा वेळ द्या. जेवताना वचनं फेकू नका. आईच्या देवघरावर टीका करून कोणी ख्रिस्ताचं प्रेम दाखवलेलं मी अजून पाहिलेलं नाही. पहाटेची पंधरा मिनिटं दार लोटून घेता येतात, तेवढं पुरतं.

शेवटचं पाऊल

नव्या करारातल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राच्या सुरुवातीला ते लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो की देव आमचं सांत्वन करतो ते आम्हांला संकटातल्या दुसऱ्यांचं सांत्वन करता यावं म्हणून. हे पूर्ण बरं झाल्यावर करायचं काम नाही. आपलं ‘कोठवर’ चालू असतानाच करायचं.

म्हणून वहीत एक नाव लिहा. ओळखीतलं, सध्या अडचणीतलं. त्याला वचन पाठवू नका. फोन करून विचारा, उद्या दवाखान्यात केसपेपर काढायला मी येऊ का रांगेत? सकाळी आठला खिडकी उघडते, साडेसहाला गेलात तर नंबर लवकर लागतो. डब्यात दोन भाकऱ्या जास्त घ्या.